तिकिटामागे लिहिलेलं देणं

ड्युटीवर निघताना एसटीच्या कंडक्टरला स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते आधी वेबिलावर लिहावं लागतं. चहापाण्यापुरते काय असतील तेवढे. त्यानंतर कातडी पिशवीत जे पडतं ते लोकांचं आणि महामंडळाचं. वाटेत तपासणीची जीप आडवी आली आणि साहेबांनी पिशवी रिकामी करायला लावली, तर विकलेल्या तिकिटांचे पैसे आणि ही लिहिलेली खासगी रक्कम यांचा मेळ पिशवीशी बसला पाहिजे. कमी भरले तर पदरचे घालायचे, जास्त भरले तर का जास्त भरले याचं उत्तर द्यायचं. माझे वडील आटपाडी आगारात कंडक्टर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आपलं किती आणि दुसऱ्याचं किती हे रोज पहाटे लिहून देऊन ते कामाला लागायचे.

वडिलांकडून काय शिकलात असं कुणी विचारलं की माणसं संस्कार, शिस्त, कष्ट असे शब्द काढतात. ते खोटे नसतात, पण त्यातून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मला अण्णांची तळहाताएवढी वही आठवते.

वहीकडे येण्याआधी तो मुलूख सांगायला हवा. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग, माणदेश. पाऊस बेभरवशाचा. खिलार जनावरं, मेंढरं आणि बाहेरगावी गेलेली माणसं यांवर चालणारी घरं. खानापूर-आटपाडी भागातले किती तरी लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, म्हणजे गलाईसाठी, थेट केरळ-तामिळनाडूपर्यंत पांगलेले. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही दशकांत ती अशा कोरड्या मुलखातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. ऐंशीच्या दशकात, माझ्या लहानपणी, दवाखाना, कॉलेज, कोर्ट, बाजार, माहेर या सगळ्यांचा रस्ता लाल गाडीतून जायचा. त्या गाडीत लोकांना सरकार दिसायचं ते कंडक्टरच्या रूपात. खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांचा सरकारी माणसाशी आयुष्यात जो काही संबंध आला तो तलाठी आणि कंडक्टर या दोघांशीच. म्हणून त्या माणसानं खाकी कपड्यात कसं बोलावं, कसं वागावं याला फार महत्त्व होतं. अण्णांना ते कळत होतं असं मला आज वाटतं. तेव्हा ते नुसते कमी बोलणारे वाटायचे.

सुट्टीत ते मला कधीकधी बरोबर न्यायचे. माझंही अर्धं तिकीट फाडायचे, पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकायचे आणि तिकीट माझ्या हातात द्यायचे. करगणी, भिवघाट, खानापूर करत गाडी विट्याला जायची. बाजारादिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. पाट्या, गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. त्या गर्दीतून अण्णा पुढून मागे आणि मागून पुढे सरकत राहायचे. डाव्या हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, त्यात वेगवेगळ्या किमतीच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, उजव्या हातात पंच. पंच ट्रेवर दोनदा वाजवला की माणसं आपोआप कनवटीला हात घालायची. "मास्तर, एक खानापूर." तिकीट फाडायचं, टप्प्यावर भोक पाडायचं, पैसे घ्यायचे, उरलेले द्यायचे. उरलेले द्यायचे इथं मात्र रोज घोडं अडायचं.

सुट्टे पैसे कधीच पुरत नसत. भाडं असायचं रुपये आणि वर काही पैसे, आणि दहातले आठ जण पाचाची नाही तर दहाची नोट पुढं करायचे. मग सगळे कंडक्टर करायचे तेच अण्णाही करायचे. तिकिटाच्या मागे देणं असलेली रक्कम लिहायचे आणि उतरताना घ्या म्हणून सांगायचे. ज्यानं एसटीनं प्रवास केलाय त्याला ही रीत माहीत आहे. त्याला हेही माहीत आहे की उतरताना गडबड असते, पोरं-सामान उतरवायचं असतं, ड्रायव्हरला घाई असते आणि तिकीट मुठीतच राहून जातं. गाडी निघून जाते. आठ आणे, रुपया, कधी दोन रुपये. तेवढ्यासाठी गाडीमागं कोण पळतं?

अण्णांची वही या राहिलेल्या पैशांची होती. नियमानं अशी वही ठेवावी लागत नव्हती, आगारातलं कुणी ठेवतही नसेल. चढउतार थांबली आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की ते आपल्या सीटवर बसून कानामागची पेन्सिल काढायचे. माणसांची नावं त्यांना ठाऊक नसायची. म्हणून नोंदी अशा असायच्या: निंबवडे, हिरवं लुगडं, काठी, आठ आणे. झरे, तांबडा पटका, शेळीवाला, एक रुपया. दिघंची, कॉलेजची पोरगी, चष्मा, सव्वा रुपया. दिलेल्या पैशांच्या नोंदीवर आडवी रेघ. मी ती वही अनेकदा हातात घेतली आहे. पानं घामानं मऊ पडलेली, कडेला तिकिटांच्या शाईचा निळसर डाग.

एकदा मुक्कामाच्या गाडीला मी त्यांच्याबरोबर होतो. गावात शेवटची गाडी रात्री मुक्कामाला जायची आणि पहाटे तीच पहिली निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाही तर गाडीतच झोपायचे. गावातून कुणीतरी भाकरी आणि कोरड्यास आणून द्यायचं. जेवण झालं की अण्णा गाडीतल्या दिव्याखाली हिशेबाला बसायचे. सीटवर टॉवेल अंथरायचा, त्यावर पिशवी ओतायची, नाण्यांच्या जातवार चवडी लावायच्या, नोटांच्या घड्या मोडून एका बाजूला तोंडं करायची. वेबिलावरच्या आकड्यांशी मेळ घ्यायचा. त्या रात्री पैसे जास्त भरले. मला आनंद झाला. ड्रायव्हरमामा हसले आणि म्हणाले, "तुझ्या बापाला बक्षीस नाय मिळणार, उलट डोक्याला ताप." जास्तीचे पैसेही दुसऱ्या दिवशी कॅशमध्ये भरावे लागायचे. म्हणजे निंबवड्याच्या म्हातारीचे आठ आणे रीतसर जमा होऊन जायचे. आणि पुढं कधी ती म्हातारी गाडीत दिसली की अण्णा तिला ते आठ आणे स्वतःच्या खिशातून द्यायचे. तिला बहुतेक वेळा आठवतही नसायचं. ती नको नको म्हणायची. ते हातावर ठेवून पुढं सरकायचे.

आईला हे पटत नसे. पगार थोडका, घरात आम्ही तीन भावंडं, वर आजी. एकदा रेशनच्या दिवशी पैसे कमी पडले आणि तिचा बांध फुटला. "ती म्हातारी काय आठ आण्यासाठी कोर्टात जाणार हाय व्हय?" अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "म्हणूनच तर द्यायचं."

एवढंच. पुढं ते काही बोलले नाहीत. आई पटून गप्प बसली नव्हती, थकून गप्प बसली होती. ते वाक्य मला कळायला पुष्कळ वर्षं गेली. ज्याच्यापाशी मागायचं बळ आहे त्याचं देणं जगात सगळेच चुकतं करतात. सावकाराचा हप्ता कुणी विसरत नाही. जो मागायला येणार नाही, येऊ शकणार नाही, त्याचं देणं आपण देतो की नाही, यावर माणसाचा प्रामाणिकपणा ठरतो. आमच्या घरात हे कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. रेशनच्या दिवशीच्या त्या भांडणातून आणि त्या मऊ पडलेल्या वहीतून ते आम्हा भावंडांत उतरलं.

दुसरी गोष्ट अर्ध्या तिकिटाची. ठरावीक वयाखालच्या पोराला तिकीट नसतं आणि त्यावरच्याला अर्धं असतं. त्यामुळे एसटीत पोरांची वयं वाढत नाहीत. आई सांगते लहान आहे, पोरगं दिसतंय चांगलं शाळेत जाणारं. अशा वेळी बरेच कंडक्टर हसत हसत पोरालाच विचारायचे, "कितवीला आहेस रे बाळा?" पोरगं खरं सांगून मोकळं व्हायचं, गाडी हसायची, आई शरमेनं लाल व्हायची आणि पैसे काढायची. काम होऊन जायचं. अण्णांनी हे कधी केलं नाही. ते पोराकडे बघायचेच नाहीत. बाईकडे बघून हळू आवाजात म्हणायचे, "पोराला विचारत नाही. तुम्हीच सांगा, किती फाडू?" आणि थांबायचे. बहुतेक बाया खाली बघून म्हणायच्या, "एक फुल, एक हाफ."

मी त्यांना विचारलं होतं, पोराला विचारलं की लगेच कळतं, मग का नाही विचारत? ते म्हणाले, "पोरानं आईला खोटं पाडायचं, का आईसाठी खोटं बोलायचं? तिकिटापायी पोराला असलं कोडं घालू नये." महामंडळाचे पैसे तर सोडायचे नाहीत, पण ते घेताना कुणाला पोरासमोर उघडं पाडायचं नाही. नियम पाळणारी माणसं मी पुढं नोकरीत खूप पाहिली. नियम पाळून समोरच्याची लाज राखणारी फार थोडी भेटली.

माझी बहीण आरोग्यसेविका झाली. तिच्या उपकेंद्रात मी एकदा तासभर बसलो होतो. एक पोरसवदा सून सासूबरोबर आली होती. दोन बाळंतपणं झालेली, अंगात रक्त नाही, तिसरं नको हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं, पण सासूसमोर ओठ हलत नव्हते. बहिणीनं सासूला अत्यंत आदरानं सांगितलं, "मावशी, बाहेर माठातलं पाणी गार आहे, जरा पिऊन बसा. उन्हातनं आलाय." सासू बाहेर गेली. मग तिनं दार लोटलं, सुनेजवळ स्टूल ओढलं आणि विचारायचं ते विचारलं. मी बघत राहिलो. मला गाडीतला तो हळू आवाज ऐकू आला, "पोराला विचारत नाही." बहिणीला मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये पण सांगतात की असं. पण मला ट्रेनिंगच्या आधीच येत होतं."

अण्णांचं सगळंच घ्यावं असं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. परक्या बाईची लाज राखणारा हा माणूस घरी आल्यावर पाण्याचा तांब्या स्वतः उचलत नसे. आई तापानं फणफणलेली असतानाही त्यांचं ताट तिनंच वाढायचं, त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. बहिणीला बारावीनंतर पुढं शिकवायचं की नाही यावर त्यांनी आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. शिकवलं, हे खरं. पण ठरवलं एकट्यानं. त्यांच्या वहीत सगळ्या जगाच्या देण्याच्या नोंदी होत्या, बायकोच्या देण्याची नव्हती. बहीण हे बोलून दाखवते आणि तिचं बरोबर आहे. मुलं बापाचा प्रामाणिकपणा जितक्या बारकाईनं पाहतात तितक्याच बारकाईनं हेही पाहतात. कुणी ते उचलतं, कुणी त्याच्या बरोबर उलटं वागायचं ठरवतं. आमच्या बहिणीच्या घरी स्वयंपाकाचा निम्मा भार तिचा नवरा उचलतो. लग्नाआधी तिनं त्याला घातलेली ती एकमेव अट होती.

बापाचं काय घ्यायचं आणि काय टाकायचं याचा विचार करताना मला बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, आठवतात. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर मुंबईत परळला चाळीतल्या एका खोलीत कुटुंब राहिलं. धाकट्या भीमाला ते रात्री लवकर झोपवायचे आणि पहाटे दोनला उठवायचे, कारण त्या भरलेल्या खोलीत अभ्यासाला शांतता मिळायची ती त्याच वेळी. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून करून घेतली. मुलानं नवं पुस्तक मागितलं आणि घरात पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचे. एकीकडे उसने मागायचे. नसले तर दुसरीकडून एखादा दागिना घ्यायचा, गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं, आणि पेन्शन आली की तो सोडवून मुलीला परत करायचा. बाबासाहेबांनी स्वतः या आठवणी सांगितल्या आहेत. मला त्यात नेहमी तो परतीचा फेरा महत्त्वाचा वाटतो. मुलीकडून घेतलेला दागिना बापानं परत केला नसता तरी कोण बोललं असतं? लेकीचं काय आणि बापाचं काय, असं म्हणून चाललं असतं. रामजी तसं म्हणाले नाहीत.

आणि तरी मुलानं बापाचं सगळं मान्य केलं नाही. रामजी मोठे धार्मिक, कबीरपंथी. मुलांनी रामायण-महाभारत वाचावं असा त्यांचा आग्रह. १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बुद्धावरच्या आपल्या ग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वडिलांशी झालेला तो वाद नोंदवला आहे. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे ते आम्ही का वाचायचे, असं मुलानं विचारलं. वडिलांनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणं दिली. साध्या, खालच्या मानलेल्या स्थितीतून ही माणसं किती उंच गेली ते पाहा, म्हणजे मनातला कमीपणा जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. त्यात तथ्य आहे हे मुलाला दिसलं, पण समाधान झालं नाही. रामजी २ फेब्रुवारी १९१३ ला गेले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही बाबासाहेबांना ते बोलणं लिहून ठेवावंसं वाटलं. बापानं प्रश्न विचारू दिला होता. उत्तर नाकारायलाही जागा ठेवली होती. त्या काळातल्या कडक शिस्तीच्या लष्करी माणसानं हे करावं, याची थोरवी मला पहाटे दोनच्या अभ्यासाहून तसूभरही कमी वाटत नाही.

मराठीत आईची पुस्तकं पुष्कळ, बापाची त्या मानानं थोडी. 'श्यामची आई' १९३५ सालची. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' यायला १९९३ उजाडलं. त्यातला बाप मुंबईच्या गोदीत काम करणारा, फारसं न शिकलेला, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या सांगण्यावरून त्यानं स्वतःची हकिकत लिहायला घेतली होती. कुणीतरी लिही म्हटलं म्हणून ती राहिली. आपल्याकडच्या बापांची सवय न सांगण्याची. शिवाय त्यांचं अर्धं आयुष्य घराबाहेर जायचं आणि तिथं ते कसे वागतात हे घराला दिसायचंच नाही. मी भाग्यवान, की अण्णांचं कामाचं ठिकाण चालतं होतं आणि त्यात अर्ध्या तिकिटावर मला बसता आलं.

आज माझ्या ओळखीतले तरुण बाप मुलांना जवळ घेतात, त्यांच्याशी खेळतात, शाळेच्या मीटिंगला जातात, रात्री गोष्ट वाचून दाखवतात. आमच्या पिढीला हे मिळालं नाही आणि यांना मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण यांचं काम मुलांना दिसत नाही. हिंजवडीतला किंवा पवईतला बाप कानाला हेडफोन लावून बंद खोलीत बसतो. आत तो कनिष्ठाशी कसा बोलतो, चूक कुणाच्या माथी मारतो, हे मुलाला कळायला मार्ग नाही. पैसे मोबाइलवरून जातात, त्यामुळे पै-पैचा चोख हिशेब होतो ही चांगलीच गोष्ट आहे. तिकिटामागे लिहायची वेळ आता मशीनच्या तिकिटामुळे आणि मोबाइलमुळे कमी येते. चार आण्याचं नाणं तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेलं.

मुलाला बाप परक्या माणसाशी वागताना दिसतो तो आता दारात, लिफ्टमध्ये आणि सिग्नलला. पावसात भिजत आलेल्या डिलिव्हरीच्या पोराला तो 'अरे ए' म्हणतो की 'दादा' म्हणतो. वॉचमनचं नाव त्याला माहीत आहे की नाही. हॉटेलात पाणी सांडलं तर तो वेटरवर खेकसतो का. हवालदारानं अडवल्यावर पावती करतो की चिरीमिरीवर मिटवतो. कामवाल्या बाईनं चार दिवस सुट्टी घेतली तर पगार कापतो का. मागच्या सीटवरून, सोफ्यावरून, जेवणाच्या टेबलावरून मुलं हे टिपत असतात आणि त्यावर कधी बोलत नाहीत. मोठेपणी एकदम तशीच वागू लागतात.

ज्यांना लहान मुलं आहेत अशा बापांना माझं सांगणं आहे. मुलाला, मुलीलाही, एकदा आपल्या कामाच्या ठिकाणी न्या आणि दिवसभर जवळ बसवा. दुकान असेल तर गल्ल्याजवळ, शेत असेल तर मजुरांची हजेरी मांडताना, ऑफिस असेल तर ज्यांच्याशी तुमचं रोज बोलणं होतं त्यांच्यामध्ये. तिथं नेताना संकोच वाटला, तर तो कशाचा याचा आधी विचार करा. आणि कुणाचे पाच-दहा रुपये तुमच्याकडून द्यायचे राहिले असतील, भाजीवालीचे, रिक्षावाल्याचे, कुणाचेही, तर ते आजच द्यायला जा. जाताना पोराला बरोबर घ्या.